वीज पडते कुठे, माणसं मरतात कुठे

ज्या समितीने मला ठाण्याला बोलावलं तिला गणित नको होतं, सही हवी होती. हे मला शेवटच्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून माझा राग काही उतरलेला नाही. मैत्रिणी म्हणतात, राग निवल्यावर लिही. मी वाट पाहिली. तो निवायचं नाव घेत नाही. तेव्हा आहे तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापूरला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात विजांचा हिशेब मांडत होते. हे ऐकून लोक हसतात. पण आपल्यासारख्या उष्ण मुलखात वीज थंड देशांपेक्षा पुष्कळ जास्त पडते. ती एकाच जागी पुन्हा पुन्हा पडते की आपल्याला उगाच तसं वाटतं, हे आकड्यांनी तपासता येतं. पन्हाळ्याकडच्या काही गावांवर मी एक लेख लिहिला होता. तो कोणाच्या तरी वाचनात आला आणि ठाण्याहून एका सरकारी समितीचा निरोप आला : खाडीकाठच्या एका पाड्यावर वीज पडून माणसं मरताहेत, येऊन अभ्यास करा आणि मत द्या.

सहामाही परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. मी बॅगेत आलेखाचे कागद, कॅल्क्युलेटर आणि घरचे बेसनाचे लाडू भरले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वीज बघायला का कोणी जातं गं?"

"वीज नाही, तिच्या खुणा बघायला," मी म्हटलं.

"मग त्या इथं काय कमी आहेत?" त्यांनी विचारलं. मी नमस्कार करून निघाले.

कल्याणला गाडी सकाळी पोचली. फलाटावर एक गृहस्थ लख्ख उन्हात मिटलेली छत्री काखेत धरून उभे होते. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. हे समितीच्या कार्यालयातले कर्णिक. मला जिल्हा दाखवायचं काम त्यांच्याकडे दिलेलं होतं.

"छत्री कशाला?" मी विचारलं.

"ऑक्टोबरचा भरवसा नाही, मॅडम. सकाळी ऊन, दुपारी गडगडाट. भात कापायला आलं की हमखास."

आम्ही टांग्यात बसलो. त्या वेळी कल्याणला टांगे होते. घोडा दर वळणावर आपल्या मर्जीने थांबायचा आणि कर्णिक दर वेळी त्याच्या वतीने माझी माफी मागायचे. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा घेता घेता त्यांनी समितीचा नकाशा उलगडला. वर शहाड, खाली ठाणे, मधून वाहणारी उल्हास नदी आणि तिची पुढे होणारी खाडी. नकाशावर इकडे तिकडे विखुरलेले लाल ठिपके. कोपरच्या पलीकडे, खाडीच्या वळणावर मात्र ते अगदी एकाला एक चिकटून होते. तिथे लिहिलं होतं 'उंबरखार' आणि खाली टंकलेलं होतं 'वीजप्रवण वस्ती'.

"हे ठिपके कसले?"

"वीज पडल्याचे."

"वीज पडल्याचे, की माणूस मेल्याचे?"

कर्णिकांनी कप खाली ठेवला. "माणूस मेल्याचे," ते म्हणाले.

"आणि वीज पडली पण कोणी मेलं नाही, ते ठिपके?"

"ते कोण कळवणार, मॅडम? आणि कोणाला?"

माझा पहिला राग तो. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलाने ही चूक केली असती तर मी वही परत केली असती. मेलेल्यांचा नकाशा काढायचा आणि त्याला विजेचा नकाशा म्हणायचं! मी कर्णिकांना सांगितलं की आपण आता फक्त अशा विजा शोधायच्या ज्यांनी कोणाला मारलं नाही. फुटलेली झाडं, उडालेले कळस, जळलेले टीव्ही, सगळं. मग नकाशावर सारख्या आकाराचे चौकोन आखायचे, प्रत्येकात किती विजा पडल्या ते मोजायचं आणि निव्वळ योगायोगाने जेवढ्या पडल्या असत्या त्यांच्याशी ताडून बघायचं. फार फरक निघाला तर त्या जागेत खरंच काही आहे. नाही निघाला, तर नाही.

"मला वाटलं होतं तुम्ही दोन दिवसांत आटपाल," कर्णिक म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं."

पहिल्यांदा शहाडला गेलो. नदीच्या अलीकडे एका कारखान्याची उंच चिमणी होती. तिथल्या फोरमनने आम्हाला अगदी बुंध्यापर्यंत नेलं. चिमणीवरून वीज जमिनीत सोडणारी तांब्याची एक पट्टी खाली उतरली होती.

"हिच्यावर किती वेळा पडते?" मी विचारलं.

"पडतेच की. दर पावसाळ्यात दोनतीनदा तरी. मागल्या मे महिन्यात तर एका आठवड्यात दोनदा."

"मग?"

"मग काय? मोठा आवाज होतो. हातातला चहा सांडतो. चाललं आमचं काम पुढं."

मी नकाशावर निळे ठिपके दिले. त्या चौकोनात लाल एकही नव्हता.

कल्याणात आम्ही खाडीकडच्या जुन्या वस्तीत हिंडलो. एका देवळाच्या शिखराचा टवका उडाला होता; पुजारी म्हणाले, देवाने गावावरचं संकट स्वतःवर घेतलं. एका घराच्या परसातल्या माडाचा शेंडाच नव्हता. दुपारी एका खानावळीत जेवलो. मालकाने प्रेमाने वाढलेली आमटी गोड होती. कोल्हापूरच्या माणसाला असल्या आमटीचं जे दुःख होतं ते मी इथे लिहीत नाही. कर्णिकांनी मात्र दोनदा मागून घेतली.

डोंबिवलीत काम सोपं झालं. तेव्हा घरोघरी गच्चीवर टीव्हीचे अँटेना उभे राहिले होते आणि टीव्ही जळाल्याचा दिवस तिथे कोणी विसरत नाही. बायका दारातच सांगायच्या : कोणतं नाटक चाललं होतं, कोण कुठे बसलेलं, पडद्यातून कसा धूर आला. एका बाईंना वीज कधी पडली ते नीट आठवत होतं, कारण त्या वेळी मुलीला बघायला आलेली मंडळी सोफ्यावरून उठून पळाली होती. लग्न मात्र ठरलं.

तिथेच एका नीटनेटक्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं, वाकलेला अँटेना दाखवला, दोन वेगवेगळ्या वर्षी दोनदा वीज पडल्याचं सांगितलं. मग खाली घरात बसवून म्हणाले, "तुम्ही खरं तर उंबरखारला जायला हवं. तिथली जमीनच वीज ओढून घेते."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात. शिवाय त्या लोकांची राहणी..." त्यांनी हात हलवला. "आता काय बोलणार!"

"तुमच्या गच्चीवर दोनदा पडली म्हणालात."

"हो, पण आमच्याकडे वीजरोधक आहे. सोसायटीने बसवून घेतला."

"मग जमीन तुमचीही ओढते आणि त्यांचीही. तुमच्याकडे तार आहे, त्यांच्याकडे नाही. यात राहणीचा काय संबंध?"

त्यांच्या पत्नी पोहे घेऊन आल्या. पोहे फार सुरेख होते, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. मी ते सगळे खाल्ले आणि एक शब्दही बोलले नाही. जिन्यात कर्णिक हळूच म्हणाले, "ते मनाने वाईट नाहीत हो." मी म्हटलं, "वाईट असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी उंबरखार. कोपर मागे टाकल्यावर इमारती संपल्या आणि एकदम आभाळ मोठं झालं. दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, मधून बांध, पलीकडे खाडीची चकाकणारी कड. चिखलात माझी चप्पल रुतली आणि पट्टा तुटून हातात आला. तेव्हा चप्पल हातात घेऊन, अनवाणी, मी त्या वीजप्रवण वस्तीत शिरले.

पाड्यावर आगरी आणि कोळी, दोन्ही घरं होती. पुढे आले गोमादादा. वय झालेलं पण ताठ. पाड्यात त्यांचा शब्द चालायचा. मी वीज कुठे पडते ते विचारताच त्यांनी एका शेताकडे बोट दाखवलं.

"ईज परते ती चांगीच्या शेतान. दुसरीकरं नाय."

"दुसरीकडे कधीच नाही?"

"ता ताराचा झार फुटला व्हता मागं." त्यांनी खाडीकडचा दुभंगलेला ताड दाखवला. "आनी ती बंदरावरची डोलकाठी. पन त्यानी कोनी मेला नाय."

मी कर्णिकांकडे पाहिलं. समितीने जी चूक केली तीच हा म्हातारा करत होता. फरक एवढाच, की त्याला कोणी संख्याशास्त्र शिकवलं नव्हतं.

चांगीबाय पाड्याच्या टोकाला राहायची. पस्तिशीची, हडकुळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिचा नवरा भात कापताना विजेने गेला होता. पुढच्या वर्षी, त्याच शेतात, दीर. तेव्हापासून लावणीला तिला कोणी बोलावत नव्हतं. ती विहिरीवर आली की बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. हे तिनेच सांगितलं, चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता.

"मना इजेची बाय बोलतान," ती म्हणाली. "मी बोलावते न् ती येते. अशी यावाची असती, तं मी तिला कुनाकुनाच्या घरावर धारली असती, ठाव हाय?"

तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात सापडणारा लहान मासा) कालवण वाढलं. जिभेला झोंबणारं, आंबट, झकास. गोड आमटीचं दुःख मी तिथेच विसरले. कर्णिक मात्र ताटाकडे बघत बसले होते. त्यांना काटे काढता येत नव्हते. चांगीबायने त्यांच्या पुढ्यातला मासा ओढून सोलून परत ठेवला, तेव्हा ते लाजले आणि जेवले.

जेवण होईपर्यंत पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं. आम्ही शेतात गेलो तेव्हा सगळा पाडा कापणीत होता. पहिला गडगडाट लांब झाला, दुसरा जवळ. गार वारा सुटला, पावसाचे टपोरे थेंब आले आणि सगळी माणसं विळे हातात घेऊन गोमादादांच्या शेताच्या कडेला असलेल्या चिंचेखाली धावली. अख्ख्या माळावर तेवढं एकच मोठं झाड होतं.

मी बांधावरून ओरडत सुटले. "झाडाखाली थांबू नका! बाहेर या! विळे टाका!"

बायका माझ्याकडे वेड्यासारख्या बघू लागल्या. चांगीबाय इतरांपासून जरा लांब, भिजत उभी होती. तिथूनच तिने विचारलं, "मंग जावाचा कुठं?"

मी वळून पाहिलं. शाळेची पत्र्याची खोली लांब, पाड्यातली घरं त्याहून लांब. सपाट भात, बांध, पाणी. जिथे जा म्हणावं असं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी विजेचा अभ्यास करत होते आणि त्या बाईच्या तीन शब्दांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी भेदरून जे सुचलं ते सांगितलं : सखल जागी जा, एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं खाली. शेवटी चांगीबायनेच दोघींना दंडाला धरून ओढलं. त्या तिच्या स्पर्शाने दचकल्या, पण आल्या. मागून बाकीचे आले. कर्णिकांनी तेवढ्यात छत्री उघडली. मी ती हिसकावून लांब फेकली आणि त्यांना खांदे दाबून चिखलात बसवलं.

उजेड आणि आवाज एकदमच आला. कानात नुसती शीळ राहिली. मान वर केली तेव्हा चिंच वरपासून खालपर्यंत उकललेली होती, सालीतून वाफा निघत होत्या आणि बुंध्याशी बांधलेला गोमादादांचा बैल पाय ताणून पडला होता. माणसं सगळी चिखलातून उठत होती. एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या जात होत्या आणि प्रत्येक हाकेला ओ येत होती.

गोमादादा बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले. मग एक म्हातारी, चिखलाने माखलेली, मोठ्याने म्हणाली, "आज तं चांगीच्या शेतान नाय परली. गोमाच्या शेतान परली. आता गोमाला काय बोलवाचा?"

गोमादादांनी मान वर केली नाही.

मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आला तो संताप. डोंबिवलीत प्रत्येक इमारतीवर तार, कारखान्याच्या चिमणीवर तार, आणि जिथे माणूस दिवसभर उघड्यावर राबतो तिथे आडोशाला एक चिंच. एवढं कळायला कोल्हापूरहून कोणी यायची गरज नव्हती.

दुसऱ्या सकाळी पाडा शाळेच्या खोलीत जमला. मी चांगीबायकडून वाल मागून घेतले होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने चौकोन आखले, गोमादादांच्या मुठीत वाल दिले आणि सांगितलं, "डोळे मिटा आणि टाका. कुठेही."

त्यांनी टाकले. काही चौकोन कोरडे राहिले, काहींत एखाददुसरा दाणा पडला आणि कोपऱ्यातल्या एकात पाचसहा एकदम जमा झाले.

"या चौकोनाला कोणाचा शाप?" मी विचारलं.

कोणीतरी हसलं. गोमादादांना मी पुन्हा टाकायला सांगितलं. या वेळी गर्दी दुसऱ्याच चौकोनात झाली. मग एका बाईने टाकले, मग कर्णिकांनी. दर वेळी कुठे ना कुठे घोस व्हायचा आणि दर वेळी जागा वेगळी. मी म्हटलं, "योगायोग असाच पडतो. सारखा पसरत नाही. कुठेतरी दाटी होणारच. ज्याच्या अंगणात झाली, त्याने काही केलेलं नसतं."

मग चांगीबाय उठली. मला वाटलं, ती हसेल, निदान बरं वाटल्याचं सांगेल.

"एवरा सोपा व्हता?" ती माझ्यावर नाही, सगळ्यांवर ओरडली. "मूठभर वालानी कलतं, न् मना दोन वर्सं जालली? माजा नवरा गेला, तवा माज्या दाराशी रडाला कोन आलता? बोला ना!"

गोमादादांनी उठून एक एक वाल वेचला, ओंजळीत भरला आणि तिच्या पदरात घातला. तिने तो घेतला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचा राग बरोबर होता. तो इतक्यात जायला नकोच होता.

मग गोमादादांनी मला विचारलं, की आता पाडा उठवायला लागणार का. मी म्हटलं, "पाडा उठवायचं काय?" तेव्हा कळलं की समितीची माणसं येऊन सांगून गेली होती : ही जागा विजेची आहे, तुम्हाला टेकडीपलीकडे जागा देऊ, मोठ्या बाई येऊन तपासतील आणि कागद करतील. मोठ्या बाई म्हणजे मी. मी कर्णिकांकडे पाहिलं. ते खडूच्या रेघा बघत होते.

"मी येतंय ठान्याला," चांगीबाय म्हणाली.

बैठकीच्या दिवशी कार्यालयाची जीप आली. मागे चांगीबाय आणि गोमादादा, पुढे मी, कर्णिक आणि चालक. दिवा गावावरून जाताना घाईघाईत उठलेल्या चाळी दिसल्या. नळापाशी रिकाम्या हंड्यांची रांग आणि हंड्यांमागे बायका. "हितं आमाला टाकतील?" चांगीबायने विचारलं. कर्णिक म्हणाले, "नाही, याच्याही पलीकडे." त्यांनी ते खरं सांगितलं याचं मला नवल वाटलं.

ठाण्यात तलावाकाठी आम्ही उसाचा रस प्यालो. पाण्यावर वारा होता, माणसं निवांत फिरत होती. मी आकडे पुन्हा एकदा तपासले. उंबरखारच्या चौकोनातल्या विजा योगायोगाच्या हिशेबात अगदी चोख बसत होत्या. अख्ख्या नकाशावर योगायोगापेक्षा ठळक जास्त वीज पडणारा चौकोन एकच : शहाडच्या चिमणीचा. तिथे कोणी मेलं नव्हतं.

शिपायाने चांगीबायला आणि गोमादादांना दाराशी अडवलं. मी म्हटलं, ते आत आले नाहीत तर मीही येणार नाही. आत अध्यक्ष होते, आणखी तिघे होते आणि भिंतीवर एक रंगीत आराखडा होता. त्यात इमारतींच्या ओळी, बाग, मधून रुंद रस्ता. खाडीचं वळण बघताच मी ते ओळखलं. चिंचेच्या जागी कारंजं काढलेलं होतं.

मी नकाशा टेबलावर पसरला आणि जे सापडलं ते सांगितलं. अध्यक्ष गोड बोलणारे होते. ऐकून म्हणाले, "म्हणजे मॅडम, वीज कुठेही पडू शकते."

"हो."

"मग आम्ही तरी काय करणार? दैवाधीन आहे. लोकांना सुरक्षित जागी हलवणं एवढंच आपल्या हातात."

"कुठेही पडू शकते, तर टेकडीपलीकडे पडणार नाही का? तिथे तरी तार बसवणार आहात?"

"तो वेगळा विषय आहे."

"तोच विषय आहे. शेताजवळ एक पक्की खोली आणि तिच्यावर वीजरोधक. जागा हलवायची गरज नाही."

त्यांनी एक टंकलेला कागद पुढे सरकवला. माझं मत माझ्या येण्याआधीच तयार होतं : वस्ती वीजप्रवण असल्याने स्थलांतर इष्ट. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"यातलं एक वाक्यही खरं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आणि ते भिंतीवरचं काय आहे? माणसांना राहायला धोकादायक असलेल्या जागेवर तुम्ही एवढी माणसं कशी वसवणार आहात?"

अध्यक्षांचा गोडवा गेला. "तुम्हाला गणितासाठी बोलावलं होतं."

"गणितच सांगतेय."

चांगीबाय टेबलापाशी आली. "ईज माज्यासाठी नाय येत," ती म्हणाली. "आनी तुमच्यासाठीबी नाय. तिचं नाव लावून आमाला उठवू नका. उठवाचंच असल तं तुमचं नाव लावा."

तिला बाहेर न्यायची खूण झाली. तेव्हा कर्णिक उभे राहिले. हातात छत्री नव्हती, ती उंबरखारच्या चिखलात राहिली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"साहेब, झाड फुटलं तेव्हा मी तिथं होतो," ते म्हणाले. "पळायला जागा नव्हती. मॅडम सांगताहेत ते बरोबर आहे. माझ्या टिपणीत मी तसंच लिहिणार." आणि खाली बसले.

मी सही केली नाही. नकाशा गुंडाळून घेतला आणि त्याच दिवशी परतीची गाडी धरली. कोल्हापूरला सासूबाईंनी विचारलं, "मिळाल्या का खुणा?" मी इतकी कडकड बोलले, की त्यांनी मुकाट्याने भाकरी वाढली.

पुढे काय झालं ते मला नव्वदच्या दशकात समजलं, एका चर्चासत्रासाठी पुन्हा ठाण्याला गेले तेव्हा. कर्णिक निवृत्त झाले होते. त्यांची टिपणी आणि माझी न झालेली सही यांमुळे स्थलांतराचा कागद अडकला, तो अडकूनच राहिला. पाडा उठला नाही. पण समितीने पक्की खोलीही बांधली नाही. ती पाड्याने बांधली, स्वतःच्या हातांनी. शेतातच, तांब्याच्या पट्टीसकट. खाडीकडची जमीन मात्र काहींनी विकली होती आणि तिथे आता चार मजली इमारती उभ्या होत्या. मी विचारत विचारत गेले, तर चांगीबाय त्यांच्या फाटकापाशी भाजी घेऊन बसलेली.

"बाय, तुमी!" ती म्हणाली. तिने केस कापलेल्या एका गिऱ्हाईक बाईंना माझी ओळख करून दिली, "ह्या ईजवाल्या."

त्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "इथे मुळीच भीती नाही हो. फार शांत जागा आहे."

"गोमादादा?" मी चांगीबायला विचारलं.

"गेलं. म्हातारपनानी," ती म्हणाली. "शेवटाला मीच पानी पाजलं."

"राग गेला म्हणायचा?"

"नाय," ती म्हणाली आणि मेथीची एक जुडी जबरदस्तीने माझ्या पिशवीत कोंबली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. घाटाच्या बाजूला ढग भरून आले होते, आत वीज लकलकत होती. समोरचे प्रवासी गृहस्थ म्हणाले, "काय सांगावं, कोणाच्या नशिबी कुठे लिहिली असेल!" मी म्हणाले, की ती कुठे पडेल हे मला सांगता येणार नाही, जगात कोणालाच येणार नाही. पण मरेल कोण, हे मी आत्ता, इथे बसून सांगू शकते. जो उघड्यावर राबत असेल आणि ज्याला पळायला जागा दिलेली नसेल, तो. जे एवढं आधी सांगता येतं त्याला नशीब म्हणू नका.

ते गृहस्थ जरा सरकून बसले. मी खिडकी लावून घेतली.